कर्ज की तणाव, असा पंचनामा शरीर करत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शेतकरी आत्महत्यांच्या मदत प्रस्तावांवर आपल्या अंकात नुकतीच बातमी आली. किती प्रकरणं पात्र, किती अपात्र, किती चौकशीत अडकलेली, याचा तक्ता होता. खाली अपात्रतेची कारणं होती आणि त्यात एक होतं, 'कर्जबाजारीपणा नसून मानसिक तणाव'. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहिते आहे.

मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. डॉक्टर नाही. पण ज्याला आता सगळेच 'स्ट्रेस हार्मोन' म्हणतात ते कॉर्टिसोल मोजणं हा माझ्या कामाचा भाग होता. माझा धाकटा भाऊ शेती करायचा. तो गेल्यावर त्याच्या प्रस्तावावरही हाच शेरा पडला. तणाव शरीरात काय करतो हे मी नळीतल्या रक्तात पाहिलं आहे आणि तोच तणाव सरकारी कागदावर काय होतो हेही पाहिलं आहे. म्हणून बोलायचा अधिकार आहे असं मानते.

आधी शरीराचं सांगते. माणसाला धोका जाणवला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्याने पीयूषिका ग्रंथी जागी होते आणि एसीटीएच हे दुसरं संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचलं की तिथून कॉर्टिसोल सुटतं. रक्तातली साखर वाढते, रक्तदाब चढतो, झोप उडते, पचन मागे पडतं. धोका टळला की हे सगळं खाली यावं अशी शरीराची रचना आहे.

हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मॉन्ट्रियलहून 'नेचर' या नियतकालिकाला एक छोटं टिपण पाठवलं. तेही संपादकांना लिहिलेलं पत्रच होतं. त्याने उंदरांना वेगवेगळे त्रास दिले होते: थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधांचे डोस. कारणं वेगळी होती, पण शरीरात झालेले बदल तेच. अधिवृक्क ग्रंथी मोठ्या झालेल्या, थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. नंतरच्या संशोधनाने त्यात पुष्कळ बारकावे आणले, तरी मूळ गोष्ट टिकून आहे. बाहेर काय घडलं याच्या वेगवेगळ्या फाईली आपण ठेवतो. आत मात्र त्या बऱ्याचशा एकाच वाटेने जातात.

आता कर्जाचं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेत झालेल्या २०८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. प्रश्न असा होता की कोणत्या प्रकारच्या ताणाने कॉर्टिसोल सर्वांत जास्त चढतं? नुसतं काम अवघड आहे म्हणून ते फारसं चढत नव्हतं. सर्वांत जास्त चढलं ते दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा: परिस्थिती आपल्या हातात नाही, आणि चार लोक आपल्याकडे बघून आपली लायकी ठरवत आहेत.

हे वाचलं तेव्हा मला आमचं गावच दिसलं. पाऊस हातात नाही, भाव हातात नाही, बोंडअळी हातात नाही. आणि वसुलीला आलेला माणूस ओसरीवर बसून मोठ्याने बोलतो, म्हणजे शेजारच्या घराला ऐकू जावं. सोसायटीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी. मुलीच्या सोयरिकीत 'त्यांच्यावर किती आहे' ही चौकशी. प्रयोगशाळेत ही परिस्थिती दहा-पंधरा मिनिटांसाठी उभी करतात आणि कॉर्टिसोल चढतं. इथे माणसं तिच्यात खरीप ते खरीप राहतात.

तेव्हा 'कर्ज नव्हे, तणाव' याचा अर्थ काय लावायचा? कर्ज शरीरात शिरतं तेच तणावाच्या वाटेने. दुसरी वाटच नाही त्याला.

आमच्याकडे कॉर्टिसोलचा फॉर्म आला की मी आधी वेळेचा रकाना बघायची. वेळ लिहिलेली नसेल तर सॅम्पल परत. कारण कॉर्टिसोल दिवसभर सारखं नसतं. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठतं आणि मग उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळी आठला ढोबळमानाने ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुपारी चारला साधारण त्याच्या निम्मं. सकाळचा १८ हा निरोगी आकडा. तोच १८ मध्यरात्री आला तर डॉक्टर लगेच पुढच्या तपासण्या लिहून देतात.

शेतावरच्या माणसांना मी हे टाकीच्या उदाहरणाने सांगायची. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद होते. तसंच कॉर्टिसोल पुरेसं झालं की मेंदूतल्या, विशेषतः हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी ते ओळखतात आणि हायपोथॅलॅमसला थांबवतात. ताण महिनोन्‌महिने चालला की काही माणसांत हा फ्लोट अडकतो. टाकी भरून वाहते आणि मोटर चालूच राहते.

फ्लोट चालतो की नाही हे बघायची चाचणी आहे. रात्री अकराला डेक्सामेथासोनची, म्हणजे कॉर्टिसोलसारख्या कृत्रिम औषधाची, १ मिलिग्रॅमची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल मोजायचं. निरोगी माणसात ते पार खाली गेलेलं असतं. मिशिगन विद्यापीठाचे बर्नार्ड कॅरोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की तीव्र नैराश्य असलेल्या बऱ्याच रुग्णांत ते खाली जात नाही. आयोवाच्या विल्यम कोरियेल आणि मायकेल श्लेसर यांनी नैराश्यासाठी दाखल झालेल्या ज्या ७८ रुग्णांची हीच चाचणी झालेली होती, त्यांचा पुढची पंधरा वर्षं मागोवा घेतला. २००१ मध्ये त्यांनी जे छापलं ते असं: ज्यांचं कॉर्टिसोल खाली गेलं नव्हतं त्या ३२ जणांच्या गटात आत्महत्येने मृत्यूचा अंदाजित धोका २६.८ टक्के होता, बाकीच्यांत २.९ टक्के. दोन्ही गटांना नैराश्यच होतं. फरक होता तो या अडकलेल्या फ्लोटचा.

एवढं वाचून कुणी 'रक्ततपासणीने आत्महत्या आधीच कळणार' असा मथळा देऊ नये ही हात जोडून विनंती. असे मथळे मी पाहिले आहेत, आणि त्यानंतर तपासणीच्या पॅकेजमध्ये 'स्ट्रेस प्रोफाईल' घालून विकलेलंही पाहिलं आहे. वरचाच अभ्यास नीट वाचा. धोका जास्त असलेल्या गटातही दर शंभरातले सत्तरहून अधिक जण त्या वाटेने जात नाहीत. गर्भारपणात आणि काही गर्भनिरोधक गोळ्यांनी कॉर्टिसोलला धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणून आकडा उगाच मोठा दिसतो. रात्रपाळी करणाऱ्याचं घड्याळ उलटं झालेलं असतं. नुसती सुई टोचायच्या भीतीनेही ते चढतं. लीड्स विद्यापीठाचे डॅरिल ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये सगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा तर आणखी वेगळं चित्र निघालं. सरासरी वय चाळिशीच्या आत असलेल्या अभ्यासांत आत्महत्येकडे वळलेल्यांचं कॉर्टिसोल जास्त होतं. चाळीस किंवा त्यापुढच्या अभ्यासांत ते उलट कमी होतं. म्हणजे फार काळ धावलेली यंत्रणा कदाचित शेवटी थकत असावी. त्यामुळे एकाच माणसाच्या एका रिपोर्टवरून 'हा सुरक्षित, हा धोक्यात' असं ठरवता येत नाही, आणि कोणत्याही मालकाने, विमा कंपनीने किंवा समितीने तसं ठरवू नये.

शरीरशास्त्र इथे भविष्य सांगायला उपयोगाचं नाही. दोष कुणाच्या माथी मारू नये हे कळायला ते उपयोगाचं आहे.

माझा भाऊ चाळिशी ओलांडलेला होता. कोरडवाहू जमीन, कपाशी आणि तूर. मला फोन करायचा तेव्हा पिकाबद्दल कमी आणि झोपेबद्दल जास्त बोलायचा. "ताई, रातभर डोया लागत नाई. पहाटे तीनलेच जाग येते, मंग छातीत धडधड होते." जेवण कमी झालं होतं. सातबारा, पासबुक, बियाण्याच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत घालून ती पिशवी उशाशी घेऊन झोपायचा. नंतर तो एकदम शांत झाला. लोक म्हणाले, सावरला. अशी अचानक आलेली शांतता पुष्कळदा सावरण्याची खूण नसते, हे मनोविकाराच्या वॉर्डातल्या परिचारिकांना पक्कं ठाऊक असतं. गावात ते कुणी सांगत नाही.

तो कसा गेला ते मी इथे लिहीत नाही आणि आपणही अशा बातम्यांत ते लिहू नये. त्यानंतर कागदांचं काय झालं ते लिहिते, कारण ते छापण्यासारखं आहे. त्याने मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं करून घेतलं होतं, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचललं होतं. त्यासाठी लागणारे पैसे त्याने विनापरवाना सावकाराकडून उचलले होते. त्यामुळे बँकेच्या खात्यावर थकबाकी नव्हती, आणि सावकाराच्या पैशांना कागद नव्हता. तलाठ्याच्या पंचनाम्यात शेजाऱ्यांचे जबाब आले: झोपत नव्हता, कुणाशी बोलत नव्हता, एकटा बसायचा. हे सगळं खरं होतं. त्यावरून निष्कर्ष काढला गेला की मृत व्यक्ती मानसिक तणावाखाली होती, सबब प्रकरण अपात्र. जी लक्षणं कर्जाने त्याच्या शरीरात उमटवली होती, तीच कर्ज नव्हतं याचा पुरावा ठरली. एक लाखाच्या मदतीतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून मिळतात. त्या पैशांसाठी मी हे लिहीत नाही. माझ्या भावजयीला त्या कागदाने सांगितलं की तुझा नवरा परिस्थितीने नाही, स्वतःच्या मनाने गेला. ती अजून ते विसरलेली नाही.

यावर काही जण म्हणतील, आणि आमच्या भागातले शेतकरी कार्यकर्ते म्हणतातच, की हार्मोनचं नाव काढलं की सरकार सुटतं. मग हमीभाव नको, सिंचन नको, गोळ्या द्या म्हणजे झालं. त्यांची भीती मला समजते. पण हाच पुरावा सरकारला जास्त जखडतो. वसुलीची पद्धत, विम्याच्या पैशांची दिरंगाई, चुकीची पैसेवारी यांचे परिणाम माणसाच्या रक्तात उतरतात, असं तो सांगतो. आणि घरातल्या मुलांपर्यंतही ते पोचू शकतात.

त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भावाची मुलं आता माझ्या डोळ्यांसमोर वाढत आहेत. मॉन्ट्रियलमध्येच पॅट्रिक मॅकगोवन, मायकेल मीनी, मोशे झीफ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. क्वेबेकमध्ये मृत्यूनंतर कुटुंबांनी दान केलेल्या मेंदूंची पेढी आहे. तिथले ३६ नमुने त्यांनी तपासले: बालपणी छळ सोसलेले आणि आत्महत्येने गेलेले १२, तसा छळ न सोसता आत्महत्येने गेलेले १२, आणि अन्य कारणांनी गेलेले १२. पहिल्या गटाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कॉर्टिसोल ओळखणाऱ्या ग्राहकाच्या (रिसेप्टरच्या) जनुकावर रासायनिक खुणा जास्त होत्या आणि त्या ग्राहकाचं प्रमाण कमी होतं. म्हणजे फ्लोटच मुळात कच्चा. दुसऱ्या गटात तसं आढळलं नाही. याच चमूने आधी उंदरांवर दाखवलं होतं की आई पिल्लांना किती चाटते-गोंजारते यावर त्या जनुकावरच्या खुणा ठरतात, आणि कमी माया करणाऱ्या मादीची पिल्लं जास्त माया करणाऱ्या मादीकडे वाढायला दिली तर त्या खुणा बदलतात. हा शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बाप गेलेल्या घरातल्या मुलांकडे 'यांच्या रक्तातच आहे' अशा नजरेने बघणाऱ्यांनी तो वाचावा. मायेने शरीर बदलतं, हे रसायनशास्त्राने मोजलेलं आहे.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून सांगायलाच हवी. सकाळी आठच्या सॅम्पलमध्ये कॉर्टिसोल जवळजवळ शून्य, असे रिपोर्ट अधूनमधून निघायचे. चौकशी केली की कळायचं, गुडघेदुखीसाठी किंवा दम्यासाठी कुणीतरी दिलेल्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू आहेत. त्या स्टेरॉईडच्या असायच्या, म्हणजे कॉर्टिसोलचीच कृत्रिम भावंडं. बाहेरून भरपूर मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. या औषधांनी असंख्य जीव वाचतात, पण ती मनावरही काम करतात. बोस्टनच्या १९७२ च्या प्रसिद्ध पाहणीत प्रेडनिसोन या स्टेरॉईडच्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसात मानसिक लक्षणं १.३ टक्के रुग्णांत दिसली, ८० च्या वर ती १८.४ टक्क्यांवर गेली. म्हणून ती चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, डॉक्टरांनी दिलेली असतील तर एकदम बंदही करू नयेत, आणि ती चालू असताना घरातला माणूस फार उदास, चिडचिडा किंवा निद्राहीन झाला तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगावं.

आता कायद्याकडे येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. त्याचं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. त्याच कलमाने अशा व्यक्तीला उपचार, काळजी आणि पुनर्वसन देण्याचं कर्तव्य सरकारवर टाकलं आहे. संसदेने तणाव मान्य केला तो माणसाच्या बाजूने. आणि जिल्ह्याच्या पातळीवर तोच तणाव त्याच्या विधवेच्या विरोधात वापरला जातो. माणूस वाचला असता तर तणावाखाली होता म्हणून सरकार त्याचं देणं लागलं असतं. तो गेला, तर त्याच कारणाने सरकार काही देणं लागत नाही. ही विसंगती एखाद्या आमदाराने सभागृहात विचारावी.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या आहेत, देशात सर्वाधिक. शेतीशी संबंधित ११,२९० पैकी ४,२४८ आपल्या राज्यातल्या. त्या अहवालात प्रत्येक मृत्यूला एक कारण चिकटवलेलं असतं, आणि सर्वांत मोठे रकाने आहेत 'कौटुंबिक समस्या' आणि 'आजार'. माझा भाऊ त्यातल्या कोणत्या रकान्यात गेला असेल? बायकोशी पैशांवरून वाद झाला होता, झोप गेली होती, कर्ज होतं. तिन्ही रकाने त्याचेच.

काय केल्याने फरक पडतो हे शोधायला लांब जायला नको. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण, नैराश्याबद्दल उघड बोलणं, समुपदेशन, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञ. 'लॅन्सेट सायकिॲट्री'त २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. याच काळात आत्महत्येचे विचार येऊन गेलेल्यांचं प्रमाणही ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. शरीराच्या अंगाने हे पटण्यासारखं आहे. तीव्र ताणात मेंदूचा पुढचा, सारासार विचार करणारा भाग मागे पडतो. ती लाट ओसरते. ओसरेपर्यंत माणूस आणि धोका यांच्यात अंतर राहिलं, जवळ कुणी बसून राहिलं, तर तो जगतो, आणि जगलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा त्या वाटेने जात नाहीत.

म्हणून सरकारकडे माझी मागणी एवढीच: प्रस्तावाच्या छाननीतून 'मानसिक तणाव' हे अपात्रतेचं कारण काढून टाका. तलाठ्याच्या जबाबात झोप, भूक आणि एकटेपणाची नोंद आली की ती कुटुंबाच्या विरोधात वापरण्याऐवजी त्याच आठवड्यात त्या घरातल्या उरलेल्या माणसांकडे आरोग्य विभागाचा माणूस पाठवा.

आणि वाचकांना एक सांगते. घरात, भावकीत, शेजारी कुणी आठवड्यांमागून आठवडे झोपत नसेल, पहाटेच उठून बसत असेल, देणंघेणं आवरून ठेवत असेल, तर त्याला सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनाने तपासलेलं आहे. अनेकांना विचारल्याने हलकं वाटतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू घरातून हलवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात घेऊन जा. टेलिमानस ही सरकारी सेवा चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तिचा क्रमांक १४४१६. आपण अपात्र प्रकरणांचा तक्ता छापता त्या पानावर हा क्रमांक तक्त्याइतक्याच मोठ्या अक्षरात दरवेळी छापावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विदर्भ
(भावाची मुलं शाळेत आहेत, म्हणून नाव प्रसिद्ध करू नये. नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)